थंडीतला कांदा

आमच्या घरातून कोणीही बाहेर निघालं की काकू त्याच्या खिशात नाहीतर पिशवीत एक कांदा टाकते. उन्हाळ्यात आमच्याकडं सगळेच टाकतात, ऊन लागू नये म्हणून. कांदा अंगातली उष्णता ओढून घेतो असं मानतात, त्यामुळं दिवसभर सोबत फिरलेला कांदा कोणी खात नाही. संध्याकाळी उकिरड्यावर फेकून देतात. पण काकू पावसाळ्यातही कांदा टाकते आणि कडाक्याच्या थंडीतही. मी पाचवीत असताना दप्तराला वास येतो म्हणून बाकावरच्या मुलीनं जागा बदलून घेतली होती. मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी काकूनं कांदा फडक्यात गुंडाळून दिला. बंद मात्र केला नाही.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका मी जन्मायच्या आधीच गेले, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. शेतात ऊन लागून गेले, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलत नसे. काकूला मूलबाळ नाही. माहेरचे न्यायला आले तरी ती गेली नाही. आई दिवसभर शेतात असायची, म्हणून मी काकूच्याच मांडीवर वाढले.

आमचं गाव जऊळक्याजवळ, आणि मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. हे सांगताना अजून थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण मी जाईन असं कोणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. मी वेंधळी म्हणून गावभर माहीत होते. दूध उतू जायचं, विहिरीवरची मोटर सुरूच राहायची, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून मी शाळेत पोचायचे. वर्गात बाई शिकवायला लागल्या की पहिली दोन वाक्यं नीट ऐकू यायची. मग बाहेरच्या निंबावर कोणता पक्षी बसला, तो उडून कुठं गेला, तिथं त्याला काय खायला मिळत असेल, असं करत मी फार लांब जायचे. परत यायचे तेव्हा फळा पुसलेला असायचा.

काकूला हे माझं जाणं दिसायचं. ती भाकरी थापत असली आणि समोर बसून माझी नजर सुटली, की पिठाच्या बोटांनी ती माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायची.

“कुठं गेली व्हती वं?”

“इथंच तर आहे.”

“इथं तं मी व्हती. तू नव्हती.”

बारावी कशीबशी निघाली. वाशीमला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि घरात खपून जाणारं सगळं उघड्यावर आलं. कॉलेजहून येताना मालेगावला गाडी बदलावी लागते. तिथून शेलूबाजारकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसायचं आणि मध्येच आमच्या फाट्यावर उतरायचं. एकदा मी उतरायचंच विसरले आणि थेट शेलूबाजारात पोचले. परत आले तेव्हा अंधार पडत होता आणि काकू फाट्यावर पाण्याची बाटली घेऊन उभी होती. मला वाटलं ओरडेल. तिनं बाटली पुढं केली, मी पाणी पिईपर्यंत थांबली आणि म्हणाली, “बाजाराले गेली व्हती तं भाजी तरी आनायची.”

पण कॉलेजात हसून सोडण्यासारखं काही नव्हतं. रसायनशास्त्राच्या प्रयोगात काचेच्या नळीतून एकेक थेंब फ्लास्कमध्ये सोडायचा असतो आणि पाण्याला अगदी फिकट गुलाबी छटा आली की त्याच क्षणी थांबायचं असतं. माझा फ्लास्क कायम गडद गुलाबी व्हायचा. छटा येण्याच्या क्षणी मी तिथं नसायचे. पुन्हा करायचे, पुन्हा तेच. सगळे निघून गेले तरी मी फ्लास्क धूत असायचे. एका संध्याकाळी आमच्या प्रयोगाच्या मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी आधीच माफी मागून टाकली.

“तू आळशी नाहीस,” त्या म्हणाल्या. “आळशी मुलगी इतक्यांदा पुन्हा करत नाही.”

असं मला कोणी म्हणालं नव्हतं. त्यांच्या भाच्याचंही असंच होतं म्हणे. अकोल्याला एका मानसोपचार डॉक्टरांकडं त्याचे उपचार चालू होते. त्यांनी मला तिथं जायला सांगितलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. “डोक्याचा डॉक्टर कायले? पोरगी बारावी पास झाली ना? येडी असती तं पास झाली असती का?”

आई वाढत होती. काकू चुलीपाशी होती. बाबा तिचे थोरले दीर, म्हणून ती त्यांच्याशी कधी समोरून बोलत नाही. काही सांगायचं असलं की आईकडं बघून बोलते, बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं. तसंच ती आईला म्हणाली, “बाई, रोज रडून येते ती. बसमधीच रडून घेते, घरी तोंड धुतलेलं असते. कोनी पाह्यलं नसंन, म्या पाह्यलं.”

बाबांनी पुढचा घास घेतला नाही. त्याच आठवड्यात आम्ही अकोल्याला गेलो.

डॉक्टर पन्नाशीचे असतील. हळू बोलायचे. त्यांनी माझ्या लहानपणापासूनचं विचारलं, आणि बाबांनी चपलांची, मोटरीची, शेलूबाजारची अशी एकेक गोष्ट हसत हसत सांगितली. चौथी-पाचवी गोष्ट सांगता सांगता त्यांचं हसू मावळत गेलं. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “आमी हे सगळं मजाक समजत व्हतो, साहेब.”

दोन-तीन भेटी, शाळेचे निकाल, मॅडमशी फोन, एवढं झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की हा लक्ष न टिकण्याचा दोष आहे, मेंदूचा, मनाच्या कमकुवतपणाचा नाही, आणि त्यावर औषध आहे. मिथाइलफेनिडेट नावाची गोळी. मग त्यांनी तिचे धोकेही सांगितले. भूक मरते, वजन उतरू शकतं. उशिरा घेतली तर झोप येत नाही. नाडी जलद चालते, रक्तदाब थोडा वाढतो. सवयीचा, गैरवापराचा धोका असतो, म्हणून एकही गोळी मनानं जास्त घ्यायची नाही आणि कितीही जवळचं असलं तरी दुसऱ्याला द्यायची नाही. छातीत दुखलं, धडधड वाढली, भोवळ आली तर लगेच कळवायचं.

“घरात कोणाला हृदयाचा त्रास?” त्यांनी विचारलं. “कमी वयात अचानक कोणी गेलेलं?”

“नाई साहेब,” बाबा म्हणाले. “आमच्या घरात हार्टचं कोनालेच नाई. माह्या बापानं तं ऐंशी पावसाळे काढले.”

मीही नाही म्हणाले. आम्ही काही लपवत नव्हतो. काका तेव्हा आमच्या डोक्यातही आले नाहीत. आमच्याकडं ऊन लागून गेलेला माणूस आजारानं गेला असं कोणी म्हणत नाही. वीज पडते, साप चावतो, तसं ऊन लागतं. ते बाहेरून येतं. हृदयाशी त्याचा काही संबंध असेल असं कोणाच्या मनात येईल?

गोळी सुरू झाली तेव्हा शेतात सोयाबीन काढणं चाललं होतं. पहिले काही दिवस काहीच वेगळं वाटलं नाही. मग एका सकाळी वर्गात सर शिकवत होते आणि ते थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सगळं ऐकलं आहे. पूर्ण तास मी तिथंच होते. हे इतरांना रोजच होत असेल, पण मला ते दाटीच्या खोलीतला गोंगाट एकदम थांबावा तसं वाटलं. त्या आठवड्यातल्या प्रयोगात मी थेंब सोडत राहिले, आणि पाण्यात एक धूसर गुलाबी रंग आला, फिरला, आणि राहिला. मी तोटी बंद केली. किती वेळ मी तो फ्लास्क पांढऱ्या कागदावर ठेवून नुसती बघत होते. मॅडमनी लांबूनच मान हलवली.

डबा मात्र भरलेलाच परत यायला लागला. दुपारी भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. काकू डबा उघडायची, आत बघायची, आणि म्हणायची, “गोयी तुह्यं पोट खाऊन राह्यली का डोकं दुरुस्त करून राह्यली?”

“दोन्ही,” मी म्हणायचे.

मग ती पहाटे उठून मला गोळीच्या आधीच गरम भाकरी आणि दूध खाऊ घालायला लागली. तसं करायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पण डॉक्टरांनी एक पेला सांगितला तर काकू दोन पाजायची. वर्गातल्या एका मैत्रिणीला माझ्या गोळीचं कळलं तेव्हा तिनं पेपरापुरती एक मागितली. मी नाही म्हणाले. ती बरेच दिवस बोलली नाही. मला वाईट वाटलं, पण डॉक्टरांचं वाक्य डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि जिना चढताना छाती धडधडायची. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत कानात ठोके ऐकू यायचे. मला वाटायचं, बस उशिरा आली, धावत आले, म्हणून असेल. पण मनात एक भीतीही होती. ही गोळी माझ्याकडून जाऊ नये. वीस वर्षांनी मला एक सबंध तास ऐकायला मिळाला होता.

पुढच्या तपासणीला बाबा आणि मी गेलो तेव्हा थंडी चांगली पडली होती. डॉक्टरांनी आधीचा कागद मागितला. मी पिशवी उपसायला लागले. कंगवा निघाला, चार्जर निघाला, एकच हातमोजा निघाला, आणि फडक्यातून सुटलेला कांदा टेबलाखालून घरंगळत डॉक्टरांच्या बुटाला जाऊन लागला.

त्यांनी तो उचलला. “थंडीत कांदा? अकोल्याच्या उन्हाला इतकं घाबरता?”

बाबा हसले. “माह्या लहान्या भावाची बायको टाकते, साहेब. भाऊ ऊन लागून गेला आमचा, तवापासून तिचं असंच आहे. सगळ्यायच्या खिशात कांदा.”

डॉक्टर हसत होते ते थांबले. कांदा त्यांच्या हातातच राहिला.

“काय वय होतं त्यांचं?”

“तिशी नव्हती झाली.”

“काय करत होते तेव्हा?”

“बैल सुटला व्हता. त्याच्यामागं पयत व्हता. पयता पयताच पडला.”

“दुपारी?”

बाबा उत्तर द्यायला गेले आणि अडले. “सकायी,” ते म्हणाले. “न्यारी पोचाची व्हती अजून.” मग स्वतःलाच सांगितल्यासारखं, “पन वैशाख व्हता, साहेब.”

डॉक्टरांनी कांदा टेबलावर ठेवला. आमच्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, “तुम्ही खोटं सांगितलं नव्हतं. मीच नीट विचारायला हवं होतं. ऊन, वीज, पाणी, काहीही असो, तरणं माणूस कोण गेलं, असं.” मग त्यांनी माझी छाती तपासली, बराच वेळ. धडधडीबद्दल विचारलं. मी जिन्याचं सांगितलं.

त्यांनी समजावून सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. बहुतेकांना ही गोळी नीट लक्ष ठेवलं तर चालते. ती हृदयाला थोडं जास्त काम लावते आणि निरोगी हृदय ते पेलतं. पण काही घराण्यांत हृदयाचा दोष पिढीतून येतो, तो वरून दिसत नाही, आणि धावताना एकदम माणूस कोसळतो. तसा दोष असेल तर ही गोळी देणं धोक्याचं. हृदयाची तपासणी होईपर्यंत गोळी बंद. “आणि एक,” ते म्हणाले, “तुमच्या भावाला आधी कधी भोवळ आली होती का? हे कोणाला माहीत असेल?”

बाबा माझ्याकडं बघत राहिले. माहीत असणारं माणूस एकच होतं.

परतीच्या बसमध्ये पातूर येईपर्यंत बाबा तिकिटाची घडी घालत-उलगडत होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तिले कोन इचारनार? इतक्या वर्सात घरात कोनी नाव नाई काढलं.”

“मी विचारते,” मी म्हणाले. म्हणाले खरं, पण कसं, ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. अंगणात ऊन आलं होतं आणि काकू तुरीच्या हिरव्या शेंगा घेऊन सोले, म्हणजे कोवळे दाणे, काढत बसली होती, संध्याकाळच्या भाजीला. मी समोर जाऊन शेंगा सोलायला लागले. गोळी घेतली नव्हती, त्यामुळं मन पुन्हा जुन्यासारखं सैल झालं होतं. काय बोलायचं ते जुळवता जुळवता मी कुठंतरी निघून गेले असणार. गुडघ्यावर टिचकी बसली.

“कुठं गेली व्हती वं?”

“काकांकडं,” मी म्हणाले.

तिचा हात थांबला. भिंतीपलीकडं कोणीतरी ट्रॅक्टर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, तो सुरू होईना.

“कोनी काही बोललं का तुले?”

“डॉक्टर विचारत होते. काकांना आधी कधी भोवळ आली होती का. माझ्या गोळीसाठी विचारत होते.”

ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. मला वाटलं, आता बोलणार नाही. मग ती म्हणाली, “आली व्हती.”

मी हातातली शेंग खाली ठेवली.

“वरातीत नाचता नाचता खाली बसले. लोक हासले, म्हने नवरीले पाहून चक्कर आली.” ती थोडं हसली. “मंग एकदा जऊयक्याले गाडी पकडाले पयत गेले. फलाटावर अंधारी आली डोयापुढं. घरी येऊन मले सांगतलं, आईले सांगू नको, घाबरते. म्या नाई सांगतलं. कोनालेच नाई सांगतलं.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी मी हापशीवर व्हती.” तिनं शेंग हातातच धरली. “न्यारी बांधली व्हती, फक्त पानी भरून निघाचं व्हतं. तं माह्या माहेरची एक पोरगी भेटली. नवीनच लगीन होऊन आली व्हती गावात. माहेरचं मानूस भेटलं तं कसं होते बाई, बोलत उभी राह्यली. हासत उभी राह्यली. वावरात पोचली तं...” तिनं ते वाक्य सोडून दिलं. “लोक म्हने, पानी टायमावर पोचलं असतं तं पोरगा वाचला असता.”

“कोण म्हणालं असं?”

“म्हनलं कोनीतरी. आता कोन म्हनलं ते आठवत नाई. पन म्हनलं.”

मी खाली मान घालून शेंगा सोलत राहिले. थोड्या वेळानं काकूनं डोळे पुसले आणि माझ्या हाताकडं बघून एकदम म्हणाली, “अवो माय, पाह्य काय करून राह्यली! सोले टरफलात टाकते अन् टरफलं भांड्यात.”

खरंच तसं झालं होतं. आम्ही दोघी टरफलातून सोले वेचत बसलो. वेचता वेचता तीच म्हणाली, “डॉक्टरकडं मी येते. मलेच माहीत हाय तं मलेच सांगू दे.”

अकोल्याला आम्ही तिघं गेलो. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडं तपासणी. मला कुशीवर झोपवून छातीवर एक थंड यंत्र फिरवत होते आणि पडद्यावर करड्या रंगात काहीतरी उघडझाप करत होतं. काकूला आत येऊ दिलं होतं. ती पडद्याजवळ जाऊन उभी राहिली.

“हे हिचं हाय?”

“हो, मावशी. हृदय.”

“किती धडपड करून राह्यलं बाप्पा,” ती म्हणाली. माझा हात तिनं धरूनच ठेवला होता.

हृदयाची एक भिंत असायला हवी त्यापेक्षा जाड निघाली. फार नाही, पण जाड. शर्यतीसारखं पळणं नको, दरवर्षी तपासणी करायची, आणि ती गोळी नको. आमचे डॉक्टर कागद वाचून म्हणाले, “बंद. वेगळ्या प्रकारचंही औषध असतं, पण तेही आत्ता घाईनं नको. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू. तोवर अभ्यासाच्या दुसऱ्या पद्धती शिकवतो.”

मला रडू आलं. हृदयाचं नाही आलं, गोळीचं आलं. भिंत जाड आहे म्हणजे काय ते मला नीट कळलंही नव्हतं. पण तो फिकट गुलाबी रंग आता पुन्हा दिसणार नाही, एवढं मात्र कळलं होतं. डॉक्टरांना ते समजलं असावं. त्यांनी घाई केली नाही, पाण्याचा पेला पुढं सरकवला.

तेवढ्यात काकूनं पदर सारखा केला आणि विचारलं, “साहेब, येक इचारू? पानी टायमावर पोचलं असतं तं?”

डॉक्टरांनी आधी तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. वरात, फलाट, बैल, हापशी. मग ते म्हणाले, “मी त्यांना तपासलेलं नाही, बाई. त्यामुळं शंभर टक्के कोणीच सांगू शकणार नाही. पण आधी दोनदा भोवळ, पळता पळता जागेवर पडणं, सकाळची वेळ, आणि आता पुतणीचं हृदय असं. मला नाही वाटत ते ऊन होतं. आणि पाणी आधी पोचलं असतं तरी त्यानं काही झालं नसतं.”

काकूनं मान हलवली, दुकानात माल पसंत पडल्यावर हलवतात तशी, हळू. मी तिच्याकडं बघत होते, ती टेबलाकडं.

“भावाला असं झालं म्हणून तुमचीही तपासणी व्हायला हवी,” डॉक्टर बाबांना म्हणाले.

“माही कायले? मले काय झालं? मी तं आजही पोतं उचलतो, साहेब.”

आणि तेव्हा काकूनं मान वर केली. आईकडं बघून बोलायला तिथं आई नव्हती. तिनं सरळ बाबांकडं बघितलं.

“दादा, तुमी बी पाहून घ्या.”

माझ्या आठवणीत ती बाबांशी पहिल्यांदाच बोलत होती. बाबा गडबडले. इतके, की उत्तर न देता उठून उभेच राहिले आणि दारातून म्हणाले, “कोन्या खोलीत जा लागते?”

त्यांचीही भिंत जाड निघाली. माझ्यापेक्षा जास्त. आता ते रोज सकाळी एक छोटी गोळी घेतात, आणि पोतं उचलणं आईनं बंद केलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात, “पोरीची गोयी बंद झाली, माही सुरू झाली. घरातली गोयी घरातच राह्यली.”

माझं म्हणाल तर सोपं नाही. तासातली वाक्यं पुन्हा सुटतात. मी पुढच्या बाकावर बसते, थोडा थोडा अभ्यास करते, प्रयोगात थेंब ओठांतल्या ओठांत मोजते. कधी छटा सापडते, कधी गडद होते. घरी वाचायला बसले की काकू समोर काहीतरी निवडत बसते. वाचता येत नाही तिला, पण मी पान उलटलं नाही हे तिला कळतं. त्या गोळीबद्दल माझ्या मनात राग नाही. तिनं मला दाखवलं की मी तिथं असू शकते. ती माझ्या हृदयाला चालत नाही, एवढंच.

त्या दिवसाचं शेवटचं सांगायचं राहिलं. तपासण्या संपेपर्यंत दुपार कलली होती. अकोल्याच्या बसस्थानकात बाकावर आम्ही दोघी बसलो आणि बाबा मालेगावची गाडी बघायला गेले. काकूनं भाकरी सोडली. मला किती दिवसांनी कडकडून भूक लागली होती. भाकरी होती, ठेचा होता. काकूनं इकडंतिकडं बघितलं, माझ्या पिशवीत हात घातला आणि कांदा बाहेर काढला. सकाळी तिनंच टाकला होता.

तिनं तो बाकावर ठेवला आणि मुठीचा एक ठोसा मारला. कांदा फुटला. मधला गाभा तिनं मला दिला.

मी हातात घेऊन तशीच थांबले. “हा खात नाहीत ना? यात ऊन असतं.”

“थंडीत कुठचं ऊन वं,” ती म्हणाली, आणि स्वतःची पाकळी ठेच्याला लावली.

कांदा तिखट होता. दोघींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कशाचं ते विचारायची गरज नव्हती. आम्ही खात राहिलो. काकू मला हापशीवर भेटलेल्या त्या माहेरच्या मुलीबद्दल सांगायला लागली, ती किती हसायची, तिच्या नाकातली चमकी कशी होती. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. मी ऐकत होते, सगळंच्या सगळं.

समोरून बाबा धावत येता येता एकदम थबकले, आठवल्यासारखे, आणि चालत आले. त्यांच्यामागं एक गाडी फाटकातून बाहेर पडत होती.

“अवो, मालेगावची गाडी गेली ना! केव्हाचा आवाज देऊन राह्यलो मी! कुठं गेल्या व्हत्या दोघी?”

काकूनं माझ्याकडं बघितलं. मग उरलेली अर्धी भाकरी आणि कांद्याची पाकळी तिनं बाबांच्या पुढं केली.

“बसा, दादा,” ती म्हणाली. “पयू नका. दुसरी येईन.”